बोकड कधी सोडायचा? वासावर येणाऱ्या माजाचं गणित

चार वर्षांपूर्वी आमच्या वाड्यात ३८ शेळ्या होत्या आणि एक बोकड. बोकड बारा महिने शेळ्यांतच. करडं होत होती, नाही असं नाही. पण आज एक शेळी व्यायची, पंधरा दिवसांनी दोन, मग महिनाभर सामसूम. व्यापारी दारात आला की एक करडू सहा किलोचं, एक अकराचं, एक चौदाचं. तो सगळ्यांत बारकं करडू उचलून दाखवायचा आणि त्याच्यावरून सगळ्या लॉटचा भाव पाडायचा.

त्या उन्हाळ्यात दहा-बारा शेळ्या माजावरच येईनात. मी रोज संध्याकाळी बोकड त्यांच्यापुढं नेऊन बांधत होते. मामंजींनी आयुष्यभर शेळ्या-मेंढ्या वळल्या. चार दिवस ते गप्प बघत बसले आणि मग म्हणाले, "आगं, दिसरात फुडं बांधलालीस, अन् त्याची नवाई वाटावी म्हणलालीस व्हय? ने त्याला महिनाभर पाव्हण्याकडं."

नेला. महिन्यानं परत आणला, आणि आठवड्याच्या आत अर्ध्याहून जास्त शेळ्या शेपट्या हलवायला लागल्या. मामंजींना हे त्यांच्या बापाकडून कळलं होतं. शास्त्रात त्याची रीतसर नोंद ऑस्ट्रेलियातल्या अंडरवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली मेंढ्यांवर केली. इंजेक्शन नाही, योनीत ठेवायचा हार्मोनचा स्पंज नाही, खर्च जवळजवळ शून्य. पण दिवस मोजावे लागतात. बहुतेकांचं गणित तिथंच चुकतं, माझंही पहिल्या वर्षी चुकलं.

आत नेमकं काय होतं

माजाचा दोर मेंदूच्या हातात असतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या भागातून एक हार्मोन थेंबाथेंबानं सुटतं. त्याच्या इशाऱ्यावर पिट्युटरी ग्रंथी एलएच नावाचं दुसरं हार्मोन रक्तात सोडते, तेही सलग नाही, ठोक्याठोक्यानं. शेळी भाकड काळात असली की हे ठोके फार विरळ पडतात, कित्येक तासांत एखादा. एवढ्यावर बीजांडकोशातला फोड पिकत नाही, माज येत नाही.

बोकडाचा वास नाकात गेला की काही मिनिटांत हे ठोके जवळजवळ पडायला लागतात. फोड वाढतो, त्यातून इस्ट्रोजेन हे मादी हार्मोन पाझरतं. ते पुरेसं झालं की एलएचची एकदम लाट येते आणि बीजांड सुटतं. बोकड सोडल्यापासून साधारण दोन-तीन दिवसांत हे सगळं घडून जातं. वास चालू राहिला तरच हे पुरं होतं. तासाभरानं बोकड बाहेर काढला तर ठोके पुन्हा मंदावतात.

हा वास बोकडाच्या कातडीतल्या आणि केसांतल्या तेलकट स्रावातून येतो आणि तो नर हार्मोनवर, म्हणजे टेस्टोस्टेरॉनवर अवलंबून असतो. खच्ची केलेल्या बोकडाला म्हणून काही किंमत नाही. २०१४ साली जपानी संशोधकांनी बोकडाच्या डोक्याच्या केसांतून ४-इथाइलऑक्टॅनल नावाचा पदार्थ वेगळा काढला. तो शेळीच्या मेंदूतली ठोक्यांची यंत्रणा थेट जागी करतो. हवेत राहून त्याचं आम्ल झालं की आपल्याला ओळखीचा तो उग्र दर्प येतो. घरातली माणसं ज्या वासानं नाक दाबतात, तोच.

एकटा वासच सगळं करतो असं मात्र नाही. बोकडाचं फुरफुरणं, पाय मारणं, अंगाला अंग लावणं हेही मोजलं जातं. नाकाला वास कळेनासा केलेल्या मेंढ्यासुद्धा मेंढा प्रत्यक्ष सोबत असला तर प्रतिसाद देतात. म्हणून गजाआड बांधलेल्या बोकडापेक्षा कळपात मोकळा सोडलेला बोकड नेहमी सरस.

आपल्याकडं हे किती लागू पडतं

या विषयातलं बरंचसं संशोधन विषुववृत्तापासून लांबच्या मुलखातल्या जातींवर झालं आहे. तिथं दिवस लहान-मोठा होण्यावर माज ठरतो आणि वर्षातले काही महिने सगळा कळपच भाकड असतो. आपली उस्मानाबादी शेळी तशी नाही. लातूर, तुळजापूर, उदगीर हा तिचा मूळ पट्टा. इथं वर्षातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस यांत जेमतेम दोन तासांचा फरक. आपली शेळी वर्षभर माजावर येऊ शकते. तिला अडवतात ते उन्हाळा, उपासमार आणि अंगावर पिणारी करडं.

त्यामुळं बोकडाच्या वासाचा उपयोग आपल्याला दोन ठिकाणी होतो. उन्हाळ्यानं थंडावलेल्या शेळ्या जाग्या करायला, आणि पाटी, म्हणजे अजून एकदाही न व्यायलेल्या तरण्या शेळ्या, वेळेवर माजावर आणायला. ज्या शेळ्यांचं चक्र आधीच नीट चालू आहे, त्या बोकड आल्यानं एका तारखेला येत नाहीत. त्या आपापल्या २१ दिवसांच्या चक्रानंच येतात. दिवाळीच्या सुमारास, हिरवा चारा खाऊन सगळ्या शेळ्या तरतरीत असताना हा प्रयोग केला आणि जमला नाही, तर त्यात वासाचा दोष नाही.

आणखी एक. बोकड कायम कळपात असला की शेळ्या गाभण राहतच नाहीत, असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. राहतात. पण विखरून राहतात, आणि उन्हाळ्यात तोच बोकड स्वतः मरगळलेला असेल तर मागं पडतात.

पहिलं काम: तारीख, आणि ती उलटी मोजायची

शेळी साधारण १५० दिवसांनी विते. आमचा हिशेब असा. २० जूनला बोकड सोडायचा. खरी गर्भधारणा २७-३० जूनच्या आसपास सुरू होते (आठवडा का जातो ते पुढं येईल). म्हणजे करडं २४ नोव्हेंबरपासून पुढं. तेव्हा सोयाबीनचं भुसकट घरात असतं, शिवारात तूर आणि हरभरा उभा असतो, विहिरीला पाणी असतं. थंडीची काळजी घ्यावी लागते, पण गोणपाटाचे पडदे लावून थंडी आवरता येते. मार्च-एप्रिलमध्ये व्यायलेल्या शेळीला आपल्या भागात काय खायला घालणार आणि कुठलं पाणी पाजणार?

बोकडाची तयारी दोन महिने आधी

या पायरीकडं सगळे काणाडोळा करतात. बोकडाच्या अंगात वीर्य तयार व्हायला साधारण ४८ दिवस लागतात. २० जूनला जे वीर्य कामी येणार, त्याची सुरुवात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली. म्हणजे पारा ४२-४३ वर असताना. त्या दिवसांत बोकड पत्र्याखाली तापला, तर जूनमध्ये तो चढेल, उडेल, वास मारेल, शेळ्याही माजावर येतील, आणि अर्ध्या उलटतील, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतील.

एप्रिलच्या मध्यापासून आमचा बोकड लिंबाखाली असतो. दुपारी पायाखालची जमीन ओली करायची, पाणी सारखं पुढं ठेवायचं. रोज ३०० ते ४०० ग्रॅम भरडा आणि पेंड, सोबत सुबाभूळ किंवा शेवरीचा पाला. खुरं कापून घ्यायची, कारण लंगडा बोकड मागच्या पायावर उभा राहत नाही. दोन्ही अंड हातात धरून बघायचे: सारखे, घट्ट, गाठ नाही, दुखरे नाहीत.

बोकड दीड वर्षाच्या पुढचा आणि अनुभवी घ्या. कोवळ्या बोकडाचा वास कमी आणि हिंमत त्याहून कमी. सोडायच्या आधी आठ-दहा दिवस त्याला साबणानं धुवू नका. मी पहिल्या वर्षी पाहुणे येणार म्हणून शाम्पू लावून त्याला चकचकीत केला होता. मामंजी नुसते हसले.

बोकडाला जागं करायचा साधा उपाय म्हणजे माजावर आलेली शेळी. हा खेळ दोन्ही बाजूंनी चालतो. माजावरची मादी जवळ आली की नराचंही एलएच आणि टेस्टोस्टेरॉन वाढतं. सोडायच्या आधी दोन-तीन दिवस एखादी माजावरची शेळी, शेजाऱ्याची का होईना, त्याच्या शेजारी बांधली तर तो कळपात शिरतो तोच तयारीनं. मेक्सिकोत देलगादियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच वेगळ्या वाटेनं दाखवलं. हिवाळ्यात अडीच महिने बोकडांना दिव्याखाली मोठा दिवस दाखवला, आणि पुढं त्यांच्या विसाव्याच्या हंगामात तेच बोकड पेटून उठले. त्या बोकडांनी कळपच्या कळप माजावर आणले. न पेटलेले बोकड सोडले तिथं फारसं काही झालं नाही. आपल्याला दिव्यांची गरज नाही. पण मरगळलेला बोकड सोडून उपयोग नाही, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

शेळ्यांची तयारी

महिनाभर बोकड दूर. दूर म्हणजे दावणीच्या दुसऱ्या टोकाला नव्हे. दिसायला नको, ऐकू यायला नको, वारा त्याच्याकडून येता कामा नये. दुसऱ्या शेतात किंवा सरळ दुसऱ्या गावात. ते जमत नसेल तर बोकडांची अदलाबदल करा. मेंढ्यांमध्ये असं दिसलं आहे की नर नवा, अनोळखी असला तर फार दिवस वेगळं ठेवलं नाही तरी काम होतं. आम्ही आता माहेरच्या बोकडाशी अदलाबदल करतो. बापाकडंच लेक जाण्याचा प्रश्नही त्यातच सुटतो. मात्र बाहेरचा बोकड आणताना ब्रुसेलाची (गाभ पाडणारा रोग) तपासणी आणि पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) लस झाली आहे का ते विचारा. ब्रुसेला माणसालाही होतो.

मग अंग. पाठीच्या कण्यावर हात फिरवा. मणके करवतीच्या दात्यांसारखे टोचत असतील तर त्या शेळीवर वास फुकट जातो. उपाशी शरीर मेंदूतले ठोके वाढूच देत नाही. बोकड सोडायच्या तीन आठवडे आधीपासून रोज २०० ते २५० ग्रॅम मका किंवा ज्वारीचा भरडा जास्तीचा द्या. पण एकदम नको, आठवडाभरात चढवत न्या, नाहीतर पोटात आम्ल होऊन शेळी हातची जाईल.

जंताचं औषध आणि आंत्रविषाराची लस मे अखेरपर्यंत उरकून घ्या. अल्बेंडाझोल गाभण काळाच्या सुरुवातीला देऊ नये, म्हणूनही हे आधीच हवं. अंगावर पिणारी तीन महिन्यांची करडं तोडा. करडू आचळाला असेपर्यंत मेंदू माजाला दाबूनच ठेवतो.

पाटी निवडताना वय बघण्यापेक्षा वजन बघा. मोठ्या शेळीच्या दोन तृतीयांश वजन भरलं की चालेल, आपल्या उस्मानाबादीत २० ते २२ किलो. त्याच्या आत गाभण राहिली तर तिची वाढही खुंटते आणि करडूही किरकोळ निघतं. पाटी वेगळ्या गटात ठेवा. मोठ्या शेळ्यांत त्या बोकडाजवळ पोचत नाहीत.

इथं कळपातली भाऊबंदकी समजून घ्यावी लागते. प्रत्येक कळपात दोन-चार शेळ्या दांडग्या असतात. त्या गव्हाणीवर आधी, सावलीत आधी, बोकडापाशीही आधी. दबलेल्या शेळ्या उशिरा माजावर येतात, काही येतच नाहीत. गव्हाण लांब करा, गट लहान पाडा, शिंगानं मारकी असेल ती बाजूला काढा. त्या आठवड्यात खुरं कापणं, केस काढणं, जागा बदलणं, बाजाराला नेणं सगळं बंद. घाबरलेल्या जनावराचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, चढतं आणि एलएचचे ठोके बसतात. दोन वर्षांपूर्वी बोकड सोडल्याच्या दुसऱ्याच रात्री वाड्यात कुत्री शिरली होती. एकही शेळी मेली नाही, पण त्या फेरीत निम्म्या शेळ्या आल्याच नाहीत.

सोडण्याचा दिवस

शेळ्या चरून आल्या, पाणी प्यायल्या की सोडतो. मागच्या जूनची संध्याकाळ. फाटक उघडलं आणि बोकड आत न जाता उंबऱ्यातच थांबला. पुढच्या पायांवर आणि दाढीवर आपलंच मूत उडवून घेतलं, मान वर करून वरचा ओठ मुडपला. आतल्या शेळ्यांचं रवंथ थांबलं. सगळ्यांचे कान एकाच बाजूला. मग ढवळी उठली, चार पावलं पुढं आली आणि त्याच्या मानेला नाक लावून तशीच उभी राहिली. ढवळी जानेवारीपासून भाकड होती.

एरवी एका बोकडाला २०-२५ शेळ्या पुरतात. इथं बऱ्याच शेळ्या दोन-तीन दिवसांत एकदम येतात, म्हणून १०-१५ शेळ्यांमागं एक बोकड धरा. दोन बोकड असतील तर गट दोन करा, नाहीतर दोघं एकमेकांची टाळकी फोडत बसतात आणि शेळ्या राहतात बाजूला. दिवसा चरायला बोकड सोबत नेता येत नसेल तर काळजी नको. शेळ्यांवरच्या प्रयोगांत सक्रिय बोकडाची रोज चार तासांची सोबतही पुरली आहे. आमच्याकडं संध्याकाळी सहा ते सकाळी आठ तो आत असतो.

दिवस मोजा

दुसऱ्या ते चौथ्या दिवशी बऱ्याच शेळ्या माजावर येतील. शेपूट हलेल, ओरडतील, चारा सोडतील, मागून चिकट सोट दिसेल. बोकड चढेल. तुम्ही वहीत तारीख लिहाल आणि खूश व्हाल. आणि पाच-सहा दिवसांनी तीच शेळी पुन्हा माजावर!

पहिल्या वर्षी मी घाबरून डॉक्टरांना बोलावलं होतं, उलटलेल्या शेळ्या म्हणून. त्या उलटलेल्या नव्हत्याच. बरेच दिवस थंड असलेल्या शेळीचं पहिलं बीजांड सुटतं, पण त्यानंतर तयार होणारी पिवळी गाठ कच्ची असते. ती चार-पाच दिवसांत विरते, गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हार्मोन खाली येतं आणि चक्र पुन्हा सुरू होतं. गर्भ टिकतो तो बहुतेक या दुसऱ्या खेपेला, म्हणजे सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास. म्हणून पहिल्या माजाला बोकड थकवू नका. ज्यांच्याकडं नसबंदी केलेला बोकड आहे त्यांनी पहिले पाच दिवस तो सोडावा. नसबंदीत फक्त वीर्याची वाट बंद होते. वास, रग, टेस्टोस्टेरॉन सगळं शाबूत राहतं. पाचव्या दिवशी ताज्या दमाचा खरा बोकड. नसबंदीचा बोकड नसेल तर खऱ्या बोकडाच्या पोटाखाली गोणपाटाचा पट्टा बांधूनही काही दिवस काढता येतात. पट्टा रोज सोडून कातडी बघा, पावसात चटकन जखम होते.

मेंढ्यांचं वेळापत्रक वेगळं आहे आणि दख्खनी मेंढ्या पाळणाऱ्यांनी ते वेगळंच लिहून ठेवावं. मेंढीचं पहिलं बीजांड सुटतं तेव्हा माज मुका असतो. आत बीज सुटतं, बाहेर काहीच दिसत नाही. मेंढी मेंढ्याला उभी राहत नाही. काही मेंढ्यांत ती कच्ची गाठ विरून सहा दिवसांनी दुसरं मुकं बीज सुटतं. मेंढीचं चक्र १७ दिवसांचं. त्यामुळं खरा माज दोन ठिकाणी गोळा होतो: मेंढा सोडल्यापासून १७ ते २० दिवसांत, आणि २३ ते २६ दिवसांत. पंधरा दिवस वाट बघून "मेंढा निकामी" म्हणत विकून टाकणारे मी पाहिलेत. ज्या दिवशी विकला त्याच्या दोन दिवसांनंतर कळप माजावर आला असता. मेंढ्यांत पहिले १४ दिवस नसबंदीचा मेंढा आणि मग खरा, हा हिशेब म्हणून सगळ्यांत किफायतशीर.

ही कच्ची गाठ टाळायचीच असेल तर नर सोडायच्या वेळी प्रोजेस्टेरॉन देतात, इंजेक्शननं किंवा आधी ठेवलेल्या स्पंजनं. ते डॉक्टरांनीच करायचं. चक्र चालू असलेल्या शेळ्या एकत्र आणायला प्रोस्टाग्लॅंडिन टोचतात, तेही डॉक्टरांनीच. शेळी आधीच गाभण असली तर ते इंजेक्शन गर्भ पाडतं, त्यामुळं दुकानातून आणून घरी टोचण्याची हौस नको.

खुणेसाठी बोकडाच्या छातीला गोड्या तेलात कालवलेला रंग लावतात, म्हणजे चढला की शेळीच्या पुठ्ठ्यावर ठसा उमटतो. पुस्तकात गेरू सांगतात. आपल्या काळ्याभोर शेळीवर गेरू कुठं दिसायचा? आम्ही पिवडी, म्हणजे पिवळी माती, वापरतो. सकाळी ठसा दिसला की वहीत बिल्ला नंबर आणि तारीख, मग ठसा ओल्या फडक्यानं पुसायचा. दर दोन दिवसांनी छातीला रंग पुन्हा.

नंतर

पंचेचाळिसाव्या दिवशी बोकड बाहेर. ज्या शेळीवर शेवटचा ठसा उमटून २५ दिवस झाले आणि पुन्हा उमटला नाही, ती बहुधा गाभण. खात्री हवी असेल तर महिना-सव्वा महिन्यानंतर सोनोग्राफी. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळच्यांनी तिथं चौकशी करावी. एकाच बोकडाच्या बऱ्याच शेळ्या २१ दिवसांनी परत आल्या तर शेळ्यांना औषधं देत बसू नका. आधी त्याचं वीर्य तपासून घ्या, आणि मे महिन्यात तो कुठं बांधला होता ते आठवा.

ठसाच उमटला नाही अशा शेळ्यांची यादी वेगळी काढा. मागच्या वर्षी आमच्या यादीत सहा निघाल्या. दोघींचे मणके लागत होते, एकीचं करडू चोरून पीत होतं, एक म्हातारी, आणि दोन पाटी मोठ्या गटात राहून गेल्या होत्या. पाटी वेगळ्या काढून पाहुणा बोकड दाखवला, नवव्या दिवशी दोघींवर पिवडी. ढवळीनं २९ नोव्हेंबरला दोन करडं दिली, एक पाट, एक बोकड. त्या आठवड्यात आमच्याकडं एकूण १९ शेळ्या व्यायल्या. सलग तीन रात्री घरात कुणी झोपलं नाही, आणि मामंजी कंदील धरून सगळ्यांना सांगत होते की हे जास्तच एकत्र झालं.